दादांची गाणी, फारूकभाईंचा बेस

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माझी बेस गिटार ऐकून अशोकदादा पगारे पुढच्याच रविवारी चांदवडला आमच्या घरी हजर झाले. त्यांना मला आपल्या रॉक बँडमध्ये घ्यायचं होतं आणि त्यासाठी माझ्या वडिलांची परवानगी हवी होती. वडिलांनी विचारलं, "गिटारीनं पोट भरतं का, सर?"

"नाही भरत, भाऊ. म्हणून तर मी शाळेत गणित शिकवतो."

वडील हसले आणि माझं काम झालं. त्यानंतर तालमीमुळे शेवटची एसटी चुकली की नाशिकला इंदिरानगरात दादांच्या घरी माझं ताट वाढलेलं असे. वहिनींनी कधी कपाळाला आठी घातली नाही.

नाशिकमध्ये रॉक म्हणजे नुसता गोंगाट समजत, तेव्हा दादांनी आपल्या मराठीत गाणी रचली. हळदीत वाजवण्याची सुपारी घेऊन येणाऱ्यांना ते चहा पाजून परत पाठवत.

यंदा दादांची साठी आणि बँडचा वर्धापनदिन एकाच कार्यक्रमात साजरा होणार आहे. गाणी निवडायला आम्ही बसलो, तर दादांनी गाजलेली सगळी बाजूला सारली आणि कुणाला आठवतही नाहीत अशी जुनी काढली. मी वैतागलोच होतो. मग लक्षात आलं, त्या प्रत्येक गाण्याचा बेस फारूकभाईंनी बसवलेला आहे.

फारूकभाई म्हणजे दादांबरोबर बँड उभा करणारे जिवलग मित्र. एका कार्यक्रमात दादा भर माइकवरून त्यांना म्हणाले, "बेस कमी कर, माझं गाणं दबतंय." फारूकभाईंनी मुकाट्याने कार्यक्रम पार पाडला आणि सटाण्याला घरच्या कापडदुकानात जाऊन बसले, ते परत आलेच नाहीत. त्यांच्या जागी मी आलो. दादा ही हकिगत प्रत्येक नव्या वादकाला स्वतः सांगतात आणि "चूक माझी होती" असं स्वच्छ म्हणतात. हा मोठेपणा मी फार थोड्यांत पाहिला.

मी सटाण्याला फोन केला. फारूकभाईंना कार्यक्रमात वाजवायला बोलावलं आणि गाण्यांची नावं सांगितली. ती त्यांनी एकेक करून पुन्हा म्हटली. मग म्हणाले, "अशोकला अजून याद आहेत ही? बघू. दुकान सोडून जमतं का बघतो."

दादांना सांगितलं, तर साठीचा हा माणूस मला पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "'बघू' म्हणाला ना? 'नाही' नाही ना म्हणाला?"

दादांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांचा गळा असाच खणखणीत राहो. ती सगळी गाणी मी बसवून ठेवली आहेत. पण ती वाजवण्याची वेळ माझ्यावर येऊ नये, असं आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटतं आहे.