रत्नमाला ऊर्फ कडूबाई

चिकलठाण्याच्या शाळेत पहिलीचे प्रवेश चालू होते. मुलाचा हात धरून एक बाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

"आईचं नाव?"

"कडूबाई. लग्नात रत्नमाला ठिवलं, पण म्हणत कुणीच नाय."

पोराला पुढे कुणी चिडवायला नको म्हणून मी रत्नमाला लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात.

तो मुलगा, सुदर्शन, मोठा होऊन फौजेत गेला. शाळेच्या दाखल्यावरून लष्करी नोंदीतही त्याची आई रत्नमालाच झाली. आधार कार्डावर मात्र कडूबाई.

गेल्या वर्षी कडूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. लष्करी दवाखान्यात ऑपरेशन होईल, पण त्यासाठी जवानावर अवलंबून असलेल्यांचं डिपेंडंट कार्ड हवं. कार्डाच्या कचेरीत मी सोबत गेले. कारकुनानं कागद पाहिले.

"रत्नमाला कोण?"

"मीच की."

"मग कडूबाई?"

"ती बी मीच. दोघींचं डोळं गेल्यात साहेब, एकीचं तरी बघा!"

रांगेतली माणसं हसली. मला हसू आलं नाही.

प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले, आणलं. फोटो बदला म्हणाले, बदलला. महिन्यानंतर कळलं की नावाची दुरुस्ती मुलानंच आपल्या युनिटमधून करायची असते. हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?

"सुदर्शनला सांगा," मी म्हटलं.

"नाय बाई. तो तिकडं बर्फात. त्याला कशाला घोर?"

दर रविवारी त्याचा फोन यायचा, आणि दर रविवारी कडूबाई म्हणायच्या, "लई झ्याक हाय मी." तीन रविवार मी शेजारी बसून ऐकलं. चौथ्या रविवारी फोन हातातून घेतला आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "बाई, हे मला आधी का नाही सांगितलं?"

कडूबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी दारात येऊन उभ्या.

"बाई, तवा तुमी रत्नमाला का लिवलं?"

"चांगलं वाटलं म्हणून."

"चांगलंच हाय. पण माझ्या आधीच्या दोघी बहिणी गेल्या, म्हणून आईनं मला कडू ठिवलं. जगावी म्हणून."



अर्ज युनिटमधून गेला आहे. कार्ड अजून आलेलं नाही. कडूबाई तव्यावरची भाकरी सध्या हातानं चाचपून उलटतात.