अडीच गॅलनची बाग

फोडणीत कढीपत्ता तडतडला की मला आखातातल्या अल हैलमधला पहिला उन्हाळा आठवतो. दार उघडलं की भट्टीसारखी हवा अंगावर यायची आणि मी नवऱ्याला रोज बजावायचे, "दिवाळीला मी पुण्याला जाणार, ती कायमची!" त्यातच शेजारच्या रत्नागिरीच्या चाचींनी कढीपत्त्याचं रोप आणून दिलं. मी म्हटलं, "चाची, इथे पाणी टँकरचं, गॅलनवर विकतचं. झाडाला कुठून घालू?" "अगो बाय, ही नळी बघ, दिवसभर नुसती गळतेय," म्हणत त्यांनी एसीच्या नळीखाली पाच गॅलनची रिकामी बाटली ठेवली. दमट हवेत ती टपटप भरत राहिली आणि संध्याकाळपर्यंत अर्धी झाली. म्हणजे अडीच गॅलन! कुंडीला अर्धा गॅलन धरला तर पाच कुंड्या होतील, मी मोठ्यानं हिशेब मांडला. कढीपत्ता, तुळस, मोगरा, गवती चहा आणि लिंबू. नवरा हसला. "लिंबं धरायला चार-पाच वर्षं लागतात. तू तर दिवाळीला चाललीस ना?" मी म्हटलं, "मग ती कुंडी जरा मोठीच आण." ते लिंबाचं झाड आता अंगणात माझ्या डोक्याच्या वर गेलंय. एसीचं पाणी त्याला केव्हाच पुरेनासं झालं. टँकरचंच घालते, आणि गॅलन मोजत नाही.