लोटनआप्पांची कॉलनी

लोटनआप्पांनी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर नंदुरबारबाहेर फक्त आपल्या समाजाची कॉलनी उभी केली. भिंत घातली, फाटक बसवलं. बाहेरच्याला घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, कामालासुद्धा आत घ्यायचं नाही. आपली कामं आपल्या हातांनी, हा नियम आप्पांनी स्वतः लिहिला. दोन रविवार पुरुषांनी गटारी उपसल्या, फोटो काढून ग्रुपवर टाकले. तिसऱ्या रविवारपासून आपले हात म्हणजे बायकांचे हात, हे न बोलता ठरून गेलं. आप्पांना त्यात काही वावगं दिसलं नाही. माणूस शहाणा, पण स्वतःचं उष्टं ताट त्यांनी जन्मात उचललं नव्हतं.

मागच्या पोळ्याला त्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कळत मात्र सगळं होतं. मुलगा भाग्येश सुरतेला. आप्पांना उचलायला कॉलनीने पाळ्या लावल्या. आठवडाभर माणसं आली, मग कुणाची कंबर धरली, कुणाकडे पाहुणे आले. एकट्या मंगलाबाईंना नवऱ्याचं वजन पेलेना. आप्पा तासन्‌तास ओल्यात पडून राहत. पाठीला जखमा झाल्या.

भिंतीपलीकडे मिरच्या वाळवायच्या पथारीवर कमलीबाई देठं खुडायला येई. कॉलनी होण्याआधी आप्पांच्या आईला शेवटची दोन वर्षं या भिल्ल बाईनेच उचललं, धुतलं, भरवलं होतं. ती यायला तयार होती. आप्पांचे डोळेही आता तिच्याच वाटेकडे लागले होते.

मंगलाबाईंनी कॉलनीची सभा घरीच बोलावली. अध्यक्ष चुनीलाल पंधराएक सभासदांना घेऊन आले आणि नाकाला रुमाल लावून खाटेभोवती उभे राहिले.

"कमलीबाईले येऊ द्या," मंगलाबाई म्हणाल्या. "माले एकलीले यास्ले उचलता येत नही."

"नियम आप्पासनाच शे, वहिनी. आपण तो कसा मोडाना?" चुनीलाल म्हणाले, आणि आप्पांच्या दूरदृष्टीवर बराच वेळ बोलले. मग नियम कायम ठेवायला ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावेत, असं त्यांनी सांगितलं.

एकेक हात वर जाऊ लागला. नको म्हणायला आप्पांनी तोंड उघडलं, तर नुसती लाळ गळली. सगळा जीव एकवटून त्यांनी डावा हात उचलला आणि थांबा, थांबा म्हणून हलवला.

चुनीलालांचे डोळे भरून आले. "आप्पास्नी बी हात वर कया," ते म्हणाले.

मंगलाबाई सभासद नव्हत्या, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. निघताना सगळ्यांनी मिळून आप्पांना शाल पांघरली. खालची चादर सकाळपासून ओली होती. ती बदलायला कुणी थांबलं नाही.