रायमोचा कान

चाळीस वर्षं रायमो कंगासने डिझेल इंजिनं कानाने लावली. लांब स्क्रूड्रायव्हर पंपावर टेकवायचा, मूठ कानाशी धरायची, पंप केसभर फिरवत राहायचं आणि खडखड मऊ झाली की बोल्ट आवळायचे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या हॅनकॉक गावात त्याला चुकताना कुणी पाहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात त्याचा बालमित्र एलरॉय आपल्या डिझेल कारचा टायमिंग बेल्ट बदलून घ्यायला आला. इंजिन कॉम्प्युटरवर चालणारं. अशा इंजिनाचा बेल्ट बदलला, की ते गरम करून, लॅपटॉप जोडून पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल नेमकं कुठल्या क्षणी पडतं ते, आकड्यांत बघायचं असतं. रायमोचा लॅपटॉप कपाटात होता.

"जोड की ते यंत्र," एलरॉय म्हणाला.

"तुझ्या लग्नात अकॉर्डियनवाला बेसूर झाला, तेव्हा कुणी ओळखलं? यंत्राने?"

"ओळखलंस रे बाबा! पण अख्ख्या हॉलला ओरडून कशाला सांगितलंस? लेम्पी अजून ऐकवते मला."

हसत हसत रायमोने इंजिन मऊ बोलेपर्यंत पंप फिरवला. या इंजिनात मऊ आवाज म्हणजे डिझेल उशिरा पडतंय, हे त्याने वाचलं होतं. वाचलेल्यापेक्षा त्याचा कानावर विश्वास अधिक. इंजिन तापलेलं असलं की कॉम्प्युटर अशी चूक सावरून घेतो. कडाक्याच्या थंडीत, पहिल्याच चावीला, त्याचं काही चालत नाही.

जानेवारीत एका पहाटे दोन तासांवरच्या मार्केट शहरातल्या इस्पितळातून एलरॉयला फोन आला: तिथे दाखल असलेल्या त्याच्या बायकोचं, लेम्पीचं, काही खरं नाही, लगेच निघा. बाहेर उणे तीस. गाडीने धूर सोडला, पण ती सुरू झाली नाही. शेजाऱ्याला उठवून त्याच्या गाडीने एलरॉय पोचला, तोवर लेम्पी गेली होती.

दफन झाल्यावर गाडी ओढून गॅरेजात आणली. रायमोने या वेळी लॅपटॉप जोडला. आकडा हद्दीच्या पार खाली होता.

"थंडीच तशी होती रे," मागून एलरॉय म्हणाला. "कोण काय करणार?"

रायमोने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"थंडी नव्हे, एल. पंप मी उशिरा लावला होता. यंत्र जोडलंच नाही मी."

एलरॉयने पडद्यावरचा आकडा वाचला. "ती नर्सला विचारत होती," तो म्हणाला, "एल निघाला का म्हणून."

रायमोने पंप आकड्यावर आणला. इंजिन पहिल्यापेक्षा कर्कश झालं आणि एका चावीत सुरू होऊ लागलं.

आता एलरॉय गॅरेजावरून जातो, तेव्हा ती खडखड रायमोला दोन वळणं आधीच कळते. एलरॉय ओळख दाखवायला स्टीअरिंगवरून हात उचलतो. गाडी थांबत नाही.