दशरथ परबांची उभं राहायची जागा

दशरथ परब कणकवलीकडचे. साकीनाक्याच्या दोन-तीन वर्कशॉपांत काम करून ते पवईच्या एका प्रयोगशाळेत लागले, उंदीर सांभाळायला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

मागच्या वर्षी तिथे अक्षता नावाची संशोधक आली. मेंदूतल्या दोन पेशी जिथे भेटतात त्या सांध्यावर एक रेणू असतो. दोन्ही पेशी एकाच वेळी जाग्या झाल्या तरच तो वाट मोकळी करतो, मग सांधा पक्का होतो आणि आठवण बसते. औषधाने हा रेणू बंद पाडला तर उंदराला नवी जागा लक्षात राहते का, हे तिला पाहायचं होतं. गोल हौदात दुधाची पावडर घालून पाणी पांढरं केलेलं, त्यात बोटभर खाली बुडालेला पाट. भिंतीवरच्या चित्रांच्या खुणेने उंदराने पाट शोधायचा. मग दशरथ त्याला उचलून पुसायचे.

औषध दिलेले उंदीर चुकायला हवे होते. पण चौथ्या दिवसापासून तेही सरळ पाटावर जायला लागले. सहा आठवडे हेच चाललं. काही तरी वेगळंच हाती लागलंय, असं अक्षताने प्रयोगशाळेच्या साहेबांना कळवूनही टाकलं.

एका दुपारी फोन आला म्हणून दशरथ दाराशी गेले. हौदातला औषधवाला उंदीर मध्येच वळला आणि दाराच्या बाजूच्या काठाकडे आला. पुढच्या औषधवाल्या उंदराच्या वेळी ते मुद्दाम खिडकीशी उभे राहिले. तो खिडकीकडे गेला.

या मुलीची एवढी मेहनत आपल्या तोंडाने कशी मोडायची, असं त्यांनी घरी बायकोला, नलिनीला विचारलं. खोटं छापून आलं तर जास्त वाईट, एवढंच ती म्हणाली.

"मॅडम, ते पाट नाही शोधत," दशरथ म्हणाले. "मला शोधतात. मी रोज पाटाच्या मागेच उभा असतो ना."

अक्षताने त्यांना आळीपाळीने चार ठिकाणी उभं केलं. चारही वेळा औषधवाले उंदीर त्यांच्याकडेच गेले. समोर दिसणाऱ्या माणसाकडे जायला जागा लक्षात ठेवावी लागत नव्हती. ती वही मिटून खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती काळं कापड घेऊन आली, स्टुलावर चढून तिने स्वतः कोपऱ्यात पडदा लावला आणि दशरथांना त्यामागे बसवलं. औषध न दिलेले उंदीर पाटावर जात राहिले. औषधवाले मात्र रोज पहिल्यांदाच आल्यासारखे गोल गोल फिरत. मिनिटभर उचलायचं नाही असा नियम होता. पडद्याच्या फटीतून दशरथांना ते बघवत नसे.

अक्षताला साहेबांसमोर शब्द मागे घ्यावा लागला. पंधरा दिवस ती दशरथांशी कामापुरतंच बोलली. नंतर या चुकीवरच तिने दोन पानांचा लेख लिहिला आणि त्यात त्यांचं नाव घातलं.

हल्ली कोणी नवीन कामाला लागलं की ती त्याला आधी पडद्यामागे नेते, उंदीर आपल्यालाही बघत असतात असं सांगते आणि दिवसभर दशरथकाकांशेजारी बसायला सांगते.