दिवस मावळायच्या आत

हिंगोलीला बी.एस्सी. करत असताना मला जिवाभावाचा एकच मित्र होता. तो पुसेगावचा, मी कळमनुरीकडचा. आम्ही मिळून एक खोली केली होती. भाजी मी टाकायचो, भाकरी तो थापायचा.

त्याची एक सवय होती. दिवस मावळायच्या आत तो कुठूनही खोलीवर परतायचा. मैदानावर खेळ रंगात आलेला असो की टपरीवर गप्पा, तो उठायचाच. कारण विचारलं की म्हणायचा, अभ्यास राहिलाय. मी त्याचं नाव 'कोंबडी' ठेवलं. पोरांनीही ते उचललं. ऊन उतरायला लागलं की मी सगळ्यांदेखत म्हणायचो, चला, खुराडं लावायची वेळ झाली. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा. कधीकधी तर मान पुढेमागे करत, पावलं उचलत, कोंबडीसारखाच निघायचा.

दुसऱ्या वर्षी श्रावणात आम्ही चौघं औंढ्याला दर्शनाला गेलो. त्याची यायची तयारी नव्हती, मीच ओढून नेलं. रांगेत वेळ गेला, परतीची बस उशिरा मिळाली. हिंगोलीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि लाईट गेलेली होती. उतरल्याबरोबर त्यानं माझी बाही घट्ट धरली. मी ती झटकली, दुसऱ्या दोघांना खूण केली आणि आम्ही तिघं उभ्या बसच्या आड लपलो.

त्यानं मला दोनदा हाक मारली. आवाज हळू होता. मग दोन्ही हात पुढे करून तो चालायला लागला आणि सरळ कडेच्या नालीत गेला. आम्ही हसत हसत धावलो. त्याला वर काढलं तेव्हा ओठ फाटलेला होता, पुढचा एक दात तुटला होता.

खोलीवर कंदिलाच्या उजेडात चूळ भरता भरता त्यानं सांगितलं, "मला दिवस मावळला की दिसत न्हाई. ल्हानपणापासूनच. आता दिवसाबी कडंचं दिसंना झालंय."

नांदेडच्या डॉक्टरांनी यावर इलाज नाही म्हणून सांगितलं होतं. चाळिशीच्या आत सगळंच जाईल, असंही. घरी फक्त आईला माहीत होतं. कुणाला सांगू नको, एवढंच तो म्हणाला. मी पाया पडायला वाकलो, तर त्यानं मला ढकललं.

त्यानंतर मी चिडवणं बंद केलं. पोरांनाही दटावलं. संध्याकाळी त्याच्याआधी मीच उठायचो, रस्त्यात हात धरायचो. महिनाभरानं एक दिवस तो भाकरी थापता थापता थांबला.

"तू काहून गप झाला रे? चिडवत जा की. तू असा वागतो तवा वाटतं, मी आत्ताच आंधळा झालो."

मी प्रयत्न केला. पण तोंडातून शब्द निघेना. निघाला तरी त्याला हसू येईना. शेवटचं वर्ष आम्ही एका खोलीत दोन पाहुण्यांसारखं काढलं.

मला नोकरी लागली, लांब. दोन-तीन पत्रं झाली, मग तीही थांबली. सात-आठ वर्षांनी पुसेगावला गेलो. तो ओसरीवर बसून शेंगा फोडत होता. मी समोर उभा राहिलो तरी त्यानं मान उचलली नाही. बोललो तेव्हा त्यानं आवाज लगेच ओळखला. "या, बसा," म्हणाला. "तुमी कवा आलात?"

आम्ही एकमेकांना कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. त्यानं माझ्या लेकरांची चौकशी केली, नोकरी कशी चाललीय विचारलं. चहा झाला. त्याची आई मला वेशीपर्यंत पोचवायला आली. काहीतरी काम बघा त्याच्यासाठी, बसल्याजागी होईल असं, म्हणाली. बघतो म्हणालो. त्याला देता येईल असं एकही काम मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी पुसेगावला गेलो नाही.