जयगडपर्यंत

परवा लेकीच्या घरी नातीच्या टाळूला वेखंड लावलं आणि त्या वासासरशी मला जयगडची एसटी आठवली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी लेक तेव्हा चार महिन्यांची होती. दिवसभर किरकिरायची, रात्री जागवायची, आणि सासरी जो येई तो मलाच शिकवून जाई. माहेरी रत्नागिरीला आले, तर ताई म्हणाली, "चल, मावशीकडे मालगुंडला जाऊन येऊ." धाकटी बहीणही निघाली. मालगुंडवरून पुढे जयगडला जाणारी एसटी धरली. गाडी सुटताच लेकीनं भोकाड पसरलं. माणसं वळून बघायला लागली, तसं मलाही रडू फुटलं. ताईनं पिशवीतून आईचं वेखंडाच्या वासाचं जुनं मऊ लुगडं काढलं आणि वरच्या सामानाच्या दांडीला चक्क झोळी बांधली. कंडक्टर म्हणाला, "अहो बाई, एसटीत झोळी बांधतात काय?" "मग रडणं ऐकत बसा जयगडपर्यंत," ताई म्हणाली. तो हसून पुढे गेला. खिडकीतून येणारा खारा वारा, सुकत घातलेल्या मासळीचा वास आणि झोळीला झोके देणारा धाकटीचा हात, एवढंच मला आठवतं. पुढचं धाकटीनं सांगितलं. मालगुंड आलं तेव्हा मी खिडकीला डोकं टेकून गाढ झोपले होते. कंडक्टर मला हाक मारणार, तोच ताई म्हणाली, "हळू बोला. दोन्ही पोरं निजल्येत. आम्हाला जयगडची तिकिटं द्या." परवा नातीला मांडीवर घेऊन मी वेखंड लावत होते, तर ती झोपलीच, आणि शेजारी लेकही बसल्या जागी पेंगली. जावई दारातून काही विचारणार, तोच मी तोंडावर बोट ठेवलं. म्हटलं, "हळू बोला. दोन्ही पोरं निजल्येत."